मोर्चाचं शूटिंग आणि जमावाचा रोष: आंदोलक कॅमेऱ्यावर का चिडतात, कायदा काय सांगतो आणि काय काळजी घ्यायची?

११ ऑगस्ट २०१२, शनिवार. आसाम आणि म्यानमारमधल्या मुस्लिमांवरील हिंसाचाराच्या निषेधार्थ मुंबईच्या आझाद मैदानात सभा सुरू होती. दुपारी तीननंतर सभेला हिंसक वळण लागलं. दगडफेक झाली, पोलिसांच्या गाड्या आणि बेस्टच्या बसेसवर हल्ले झाले. त्याच वेळी वृत्तवाहिन्यांच्या ओबी व्हॅनही पेटवण्यात आल्या आणि वार्ताहर, छायाचित्रकारांना मारहाण झाली. या हिंसाचारात दोघांचा मृत्यू झाला आणि ५० हून अधिक लोक जखमी झाले. जखमींमध्ये पोलिसांची संख्या मोठी होती.

जे लोक आंदोलनाची बातमी करायला आले होते, त्यांच्यावरच जमाव का उलटला? हा प्रश्न फक्त आझाद मैदानापुरता नाही. अयोध्येपासून अमेरिकेतल्या विद्यापीठापर्यंत तो अनेकदा विचारला गेला आहे. आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल असल्यामुळे तो फक्त पत्रकारांचाही राहिलेला नाही. मोर्चाचा व्हिडिओ काढणारा कॉलेजचा विद्यार्थी, स्थानिक यूट्यूब चॅनल चालवणारा तरुण किंवा बाल्कनीतून शूटिंग करणारी गृहिणी, कुणावरही ही वेळ येऊ शकते.

या लेखात आपण जमावाच्या रागाची कारणं, कायद्याची बाजू आणि प्रत्यक्ष मैदानात घ्यायची काळजी समजून घेऊ.

राग नेमका कशाचा असतो?

'जमाव भडकला' असं म्हणून आपण मोकळे होतो. पण घडलेल्या घटना नीट पाहिल्या तर कॅमेऱ्यावरच्या रागाचे किमान चार वेगवेगळे प्रकार दिसतात. समोरचा माणूस यापैकी कोणत्या कारणाने चिडला आहे, हे ओळखता आलं तर काय करायचं हे ठरवणं सोपं जातं.

१. 'आमचं तुम्ही दाखवतच नाही'

आझाद मैदानातल्या रोषामागे ही तक्रार मोठ्या प्रमाणावर होती. आसाम आणि म्यानमारमधल्या घटनांना माध्यमांनी पुरेशी जागा दिली नाही, असं जमावातल्या अनेकांचं म्हणणं होतं. त्याच काळात सोशल मीडियावर आणि मोबाईलवर अत्याचाराचे म्हणून अनेक फोटो फिरत होते. त्यातले काही फेरफार केलेले, तर काही भलत्याच घटनांचे होते. मोबाईलवर हे फोटो दिसतात आणि टीव्हीवर मात्र काहीच नाही, म्हणजे माध्यमं सत्य दडपत आहेत, असा समज पक्का होत गेला.

यातला विरोधाभास असा की, न दाखवल्याचा राग दाखवायला आलेल्या माणसावर निघतो. काय छापायचं आणि काय प्रसारित करायचं, हे ठरवणारे संपादक जमावाच्या समोर नसतात. समोर असतो तो कॅमेरामन.

२. 'तुम्ही आम्हाला बदनाम करता'

२०२०-२१ मध्ये दिल्लीच्या सिंघू, टिकरी आणि गाझीपूर सीमांवर कृषी कायद्यांविरोधात शेतकऱ्यांचं आंदोलन सुरू होतं. तिथे अनेक आंदोलकांचा काही वृत्तवाहिन्यांवर उघड राग होता. आपल्याला 'खलिस्तानी' ठरवलं जातंय, असं त्यांना वाटत होतं. सरकारधार्जिण्या माध्यमांसाठी वापरला जाणारा 'गोदी मीडिया' हा शब्द फलकांवर झळकत होता. काही वाहिन्यांच्या प्रतिनिधींना घोषणा देऊन परत पाठवण्यात आलं.

मात्र याच आंदोलनातून दुसरा मार्गही निघाला. डिसेंबर २०२० मध्ये आंदोलनस्थळीच 'ट्रॉली टाइम्स' नावाचं पंजाबी आणि हिंदीतलं पत्र सुरू झालं. माध्यमांवर विश्वास नाही, तर आपलं माध्यम आपणच काढू, असा हा विचार होता.

असा राग व्यक्तीवर नसतो. तो माइकवरच्या बोधचिन्हावर, म्हणजे लोगोवर असतो. त्यामुळे वर्षानुवर्षं प्रामाणिकपणे काम करणाऱ्या वार्ताहरालाही स्टुडिओत बसलेल्या कुणाच्या तरी वाक्यांची किंमत मोजावी लागते.

३. 'आम्हाला एकटं सोडा'

नोव्हेंबर २०१५. अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठात वंशभेदाच्या घटनांविरोधात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचं आंदोलन सुरू होतं. एका विद्यार्थ्याने उपोषण केलं, विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने खेळावर बहिष्कार टाकला. अखेर ९ नोव्हेंबरला विद्यापीठ व्यवस्थेच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला.

आंदोलकांचा हा विजयाचा दिवस. त्याच दिवशी मैदानातल्या त्यांच्या तंबूंभोवती विद्यार्थ्यांनी हातात हात घालून कडं केलं आणि पत्रकारांना आत येऊ द्यायला नकार दिला. ईएसपीएनसाठी फोटो काढणाऱ्या एका विद्यार्थी छायाचित्रकाराला ढकलत मागे रेटण्यात आलं. ही जागा सार्वजनिक आहे आणि ज्या घटनादुरुस्तीमुळे तुम्हाला इथे उभं राहता येतं, तिच्यामुळेच मलाही येतं, असा त्याचा शांत युक्तिवाद होता. दुसरा एक विद्यार्थी हे सगळं व्हिडिओत टिपत होता. त्यालाही हटवण्यासाठी जनसंवाद विषय शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेने आसपासच्या दांडग्या माणसांना मदतीला बोलावलं. तो व्हिडिओ जगभर पाहिला गेला.

हे घडलं ते विद्यापीठ जगातल्या सर्वांत जुन्या पत्रकारिता विद्यालयांपैकी एकासाठी ओळखलं जातं. तिथलं विद्यालय १९०८ मध्ये सुरू झालं होतं. प्राध्यापिकेला पुढे नोकरी गमवावी लागली. आंदोलकांनी मात्र दुसऱ्याच दिवशी भूमिका बदलली. माध्यमांना मज्जाव करणारे फलक त्यांनी काढून टाकले आणि पत्रकारांनाही इथे येण्याचा हक्क आहे, अशी पत्रकं वाटली.

या विद्यार्थ्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. थकलेले, रडवेले, घाबरलेले चेहरे क्लोज-अपमध्ये जगाला दिसू नयेत, असं वाटणं गैर नाही. पण सार्वजनिक मैदानात, सार्वजनिक मागणीसाठी केलेल्या आंदोलनाला खासगी खोलीचे नियम लावता येत नाहीत. नको असेल तर मुलाखत नाकारता येते. शूटिंग करणाऱ्याला धक्के मारता येत नाहीत.

४. 'पुरावा राहता कामा नये'

चौथा प्रकार सर्वांत धोकादायक. ६ डिसेंबर १९९२ ला अयोध्येत बाबरी मशीद पाडली जात असताना छायाचित्रकार आणि वार्ताहरांवर मोठ्या प्रमाणावर हल्ले झाले. कॅमेरे फोडले गेले, हिसकावले गेले. त्या दिवसाच्या घटनांबाबत एकूण ४९ गुन्हे नोंदवले गेले. त्यातले दोन मशीद पाडण्यासंबंधी आणि चिथावणीच्या भाषणांसंबंधी होते. उरलेले ४७ गुन्हे पत्रकारांवरचे हल्ले आणि त्यांच्या साहित्याची लूट अशा तक्रारींचे होते.

इथे कॅमेरा नको होता, कारण तो साक्षीदार होता. आदल्या दिवशी, ५ डिसेंबरला, तेव्हा 'द पायोनियर'मध्ये असलेले छायाचित्रकार प्रवीण जैन यांनी कारसेवकांच्या वेशात जाऊन तयारीची छायाचित्रं काढली होती. पुढे ते या खटल्यात साक्षीदार झाले. या छायाचित्रांचं न्यायालयात काय झालं, ते पुढे पाहू.

पहिल्या तीन प्रकारांत संवादाला जागा असते. चौथ्यात ती नसते. जमावातले काही जण ठरवून आधी कॅमेरे शोधू लागले, तर पुढे काय होणार याची ती सूचना समजायची आणि तिथून बाहेर पडायचं.

चेहरा दिसण्याची भीती खरी आहे का?

बऱ्याच आंदोलकांची तक्रार साधी असते: 'माझा चेहरा घेऊ नका.' ही भीती निराधार नाही.

आझाद मैदानाच्या घटनेनंतर पोलिसांनी वर्तमानपत्रांतली छायाचित्रं आणि सीसीटीव्ही चित्रणाच्या आधारे संशयितांचा माग काढला. अमर जवान स्मारकाची तोडफोड करणाऱ्या तरुणाची ओळखही छायाचित्रावरून पटली आणि त्याला बिहारमधून अटक झाली. तिथे गुन्हा घडला होता, त्यामुळे हा उपयोग योग्यच होता. पण तंत्रज्ञान गुन्हेगार आणि बघ्या असा फरक आपोआप करत नाही. २०२० च्या दिल्ली दंगलीनंतर चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर वापरून १,१०० हून अधिक लोकांची ओळख पटवल्याचं केंद्रीय गृहमंत्र्यांनी लोकसभेत सांगितलं होतं. त्यासाठी मतदार ओळखपत्र आणि वाहन परवान्यांची माहिती वापरली गेली.

अमेरिकेत २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर निदर्शनं पेटली, तेव्हा हाच वाद झाला. त्या वेळी 'सिग्नल' या मेसेजिंग ॲपने फोटोतले चेहरे धूसर करण्याची सोय दिली.

शांततेने बसलेल्या माणसालाही नोकरी जाण्याची, घरी कळण्याची किंवा चौकशीची भीती असते. ती समजून घेणं हा पत्रकाराच्या कामाचाच भाग आहे.

कायदा काय सांगतो?

भारतीय राज्यघटनेच्या कलम १९(१)(अ) मध्ये भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य आहे. त्याला लागूनच १९(१)(ब) मध्ये शांततेने, शस्त्रांशिवाय एकत्र जमण्याचं स्वातंत्र्य आहे. म्हणजे शूटिंग करणारा आणि घोषणा देणारा, दोघांनाही संरक्षण देणारं कलम एकच आहे.

वृत्तपत्रस्वातंत्र्याचा घटनेत वेगळा उल्लेख नाही. ते अभिव्यक्तिस्वातंत्र्यातच येतं. हे तत्त्व ज्या सुरुवातीच्या खटल्यांमधून घट्ट झालं, त्यातला १९५० चा रोमेश थापर खटला मुंबईतून निघणाऱ्या 'क्रॉसरोड्स' साप्ताहिकाचा होता. याचा दुसरा अर्थ असा की, पत्रकाराला सामान्य नागरिकापेक्षा जास्तीचा मूलभूत अधिकार नाही. आणि नागरिकाला पत्रकारापेक्षा कमीही नाही.

व्यवहारात याचे परिणाम असे:

- रस्ता, चौक, मैदान अशा सार्वजनिक जागी सुरू असलेल्या आंदोलनाचं शूटिंग करायला प्रत्येकाची परवानगी घ्यावी लागेल, असा सर्वसाधारण कायदा भारतात नाही.
- जमावबंदीचा आदेश लागू असेल किंवा पोलिसांनी एखादा भाग बंद केला असेल, तर तो आदेश तुम्हालाही लागू होऊ शकतो. हातात कॅमेरा आहे म्हणून आपोआप सूट मिळत नाही.
- लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करता येत नाही. पीडित किंवा साक्षीदार असलेल्या, तसंच कायद्याशी संघर्षात आलेल्या मुलांची ओळखही जाहीर करता येत नाही. आंदोलन अशाच घटनेबाबत असेल तर फलकांवरची नावं आणि फोटोही तपासावे लागतात.
- ड्रोनसाठी वेगळे नियम आहेत. मुंबईत पोलीस वेळोवेळी आदेश काढून ड्रोन उडवायला बंदी घालतात. आदेश तपासल्याशिवाय ड्रोन वर नेऊ नका.
- पोलीस तपासासाठी कॅमेरा किंवा मोबाईल जप्त करू शकतात, पण त्याची रीतसर नोंद व्हावी लागते. जप्तीचा पंचनामा आणि त्याची प्रत मागा. जागेवरच 'डिलीट कर' असं सांगणं ही जप्ती नव्हे.

पोलीस ठाण्यात शूटिंग केलं म्हणून शासकीय गुपितं कायद्याखाली गुन्हा दाखल होण्याचे प्रकार घडले आहेत. मात्र पोलीस ठाणं हे त्या कायद्यातलं 'प्रतिबंधित ठिकाण' नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं.

महाराष्ट्राचा पत्रकार संरक्षण कायदा

पत्रकारांवरच्या हल्ल्यांसाठी स्वतंत्र कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. एप्रिल २०१७ मध्ये विधिमंडळाने तो मंजूर केला आणि राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर २०१९ मध्ये तो अमलात आला.

या कायद्यानुसार पत्रकारावर किंवा माध्यम संस्थेच्या मालमत्तेवर हल्ला केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. तपास पोलीस उपअधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा आहे. नुकसानभरपाई आणि उपचारांचा खर्च आरोपीकडून वसूल करण्याचीही तरतूद आहे. खोटी तक्रार केल्यास तक्रार करणाऱ्यालाही शिक्षा होऊ शकते.

यातली मोठी अडचण व्याख्येत आहे. कायद्यातला 'पत्रकार' म्हणजे ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे आणि जो एखाद्या माध्यम संस्थेत नियमित किंवा कंत्राटी पद्धतीने नोकरीला आहे, अशी व्यक्ती. स्वतःचं यूट्यूब चॅनल चालवणारे, मानधनावर फुटकळ काम करणारे आणि हौशी नागरिक यांना या व्याख्येत बसणं अवघड जातं. गावपातळीवर सर्वाधिक धोका पत्करणारे अनेक जण नेमके याच गटातले असतात.

पण अशा लोकांना काहीच संरक्षण नाही असं नाही. मारहाण, वाट अडवणं, मालमत्तेचं नुकसान हे कुणाच्याही बाबतीत गुन्हेच आहेत. भारतीय न्याय संहितेत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यात, वस्तू हिसकावून नेणं हा कलम ३०४ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. कॅमेरा किंवा मोबाईल हिसकावला गेला तर तक्रारीत ही गोष्ट स्पष्ट शब्दांत लिहा.

मैदानात काय काळजी घ्यायची?

*जाण्याआधी*

आंदोलन कुणाचं आहे, मागणी काय आहे आणि तुमच्या संस्थेने त्याबद्दल आधी काय दाखवलं आहे, हे माहीत करून घ्या. कालच्या बातमीवर लोक चिडलेले असतील, तर तो राग आज तुमच्या वाट्याला येणार आहे. आयोजकांपैकी एखाद्याचा नंबर घ्या, शक्य असेल तर जाऊन भेटा. गर्दी चिडते तेव्हा पोलिसांपेक्षा आंदोलनाचा स्वयंसेवकच लवकर मदतीला येऊ शकतो.

एकट्याने जाणं टाळा. व्ह्यूफाइंडरला डोळा लावलेल्या माणसाला मागून कोण येतंय ते दिसत नाही. पाठ सांभाळणारा एक सहकारी सोबत असावा. ओळखपत्र जवळ ठेवा, पण गळ्यातल्या दोरीला धरून कुणी ओढू शकतं हे लक्षात ठेवा.

*पोहोचल्यावर*

पहिल्या पाच मिनिटांत शूटिंग करू नका, जागा बघून घ्या. बाहेर पडायच्या दोन वाटा ठरवा. भिंत, बॅरिकेड किंवा गाड्यांच्या रांगेत अडकाल अशी जागा घेऊ नका. पोलिसांची फळी आणि जमाव यांच्या मधोमध उभं राहणं सर्वांत वाईट, कारण दगड आणि लाठ्या दोन्ही तिथेच येतात. शक्यतो कडेला आणि थोड्या उंचीवर उभे राहा.

मेमरी कार्ड दर थोड्या वेळाने बदला आणि भरलेलं कार्ड दुसऱ्याकडे द्या. मोबाईलवर शूटिंग करत असाल तर व्हिडिओ लगेच ऑफिसला किंवा क्लाउडवर जाईल अशी सोय करा. म्हणजे मोबाईल गेला तरी काम जात नाही.

*कुणी अडवलं तर*

- कॅमेरा डोळ्यापासून खाली घ्या, माणसाच्या डोळ्यात बघून बोला. भिंगाआडून बोलणारा माणूस उद्धट वाटतो.
- 'तुम्हाला कशाचा राग आहे?' असं विचारा आणि ऐकून घ्या. पहिल्या दोन प्रकारांतला राग अनेकदा इथेच निवळतो.
- त्या क्षणी कायद्याची कलमं सुनावू नका. तुमचं बरोबर असलं तरी चार लोकांसमोर कुणाला खोटं पाडलं की माघार घेणं त्याला अवघड जातं.
- एका माणसाने 'माझं नको' म्हटलं आणि त्याच्याशिवाय दृश्य मिळत असेल, तर त्याला वगळा.
- कुणाच्याही अंगाला हात लावू नका. ढकललं तरी उलट ढकलू नका.
- भोवती घोळका जमायला लागला की वाद थांबवा आणि निघा. पळू नका, झपाझप चालत जा.
- कॅमेरा हिसकावताना झटापट करू नका. यंत्र परत घेता येतं.

*पत्रकाराची स्वतःची जबाबदारी*

कॅमेरा पाहून गर्दीला उधाण येतं, हे रोज मोर्चे कव्हर करणाऱ्या कुणालाही माहीत आहे. 'पुन्हा एकदा घोषणा द्या', 'पुतळा आता जाळा' असं सांगून दृश्य मिळवणं म्हणजे बातमी घडवणं. दहा हजारांच्या शांत मोर्चातली दहा टवाळ पोरं दिवसभर दाखवणं हेही त्यातलंच. पुढच्या मोर्चात दुसऱ्या वार्ताहरावर निघणारा राग इथेच तयार होतो.

शूटिंगनंतर: मूळ फाइल जपा

अयोध्येच्या छायाचित्रांकडे परत येऊ. ३० सप्टेंबर २०२० ला लखनौच्या विशेष सीबीआय न्यायालयाने बाबरी मशीद पाडण्याच्या खटल्यातल्या सर्व ३२ आरोपींची निर्दोष मुक्तता केली. छायाचित्रांच्या निगेटिव्ह न्यायालयासमोर आल्या नाहीत आणि व्हिडिओ कॅसेट मोहोरबंद नव्हत्या, ही पुरावा न टिकण्याची कारणं निकालात नमूद झाली. छायाचित्रं जगाने पाहिली होती, पण न्यायालयाला लागणारा मूळ पुरावा त्यामागे उभा राहिला नाही.

डिजिटल काळात हा धडा जास्तच लागू होतो. जालना मतदारसंघाच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये एक गोष्ट स्पष्ट केली. मूळ उपकरण न आणता इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून द्यायची असेल, तर ठरावीक प्रमाणपत्र अनिवार्य आहे. आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ही तरतूद कलम ६३ मध्ये आहे.

म्हणून मूळ फाइल आहे तशी ठेवा. संकलन, काटछाट, चेहरे धूसर करणं हे सगळं प्रतीवर करा. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या व्हिडिओला मूळ समजू नका. तारीख, वेळ, ठिकाण आणि कोणत्या उपकरणावर शूटिंग केलं, याची त्याच दिवशी नोंद करा.

आयोजकांनाही काही करता येतं

माध्यमांशी बोलायला एक-दोन माणसं ठरवून द्यावीत. पत्रकारांसाठी उभं राहायला जागा ठेवावी. ज्यांना चेहरा दाखवायचा नाही, अशांना बसण्यासाठी वेगळा भाग ठेवून तो आधीच सांगावा. स्वयंसेवकांना एक वाक्य पक्कं सांगावं: कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. कारण वार्ताहराला मारहाण झाली की संध्याकाळची बातमी तीच होते आणि मागणी मागे पडते. मिसुरीच्या विद्यार्थ्यांना हे एका दिवसात कळलं.

कॅमेरा आंदोलनासाठी काय करू शकतो, याचं उदाहरण आझाद मैदानातच आहे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेला किसान सभेचा लाँग मार्च सुमारे १८० किलोमीटर चालून मुंबईत आला. दहावीच्या विद्यार्थ्यांना परीक्षेला जाताना त्रास नको म्हणून शेतकरी शीवच्या सोमय्या मैदानातून मध्यरात्रीच निघाले आणि १२ मार्चला सकाळी आझाद मैदानात पोहोचले. त्यांच्या फोड आलेल्या, सोललेल्या तळपायांचे फोटो देशभर पोहोचले. मुंबईकर पाणी, बिस्किटं आणि चपला घेऊन रस्त्यावर आले. त्याच दिवशी सरकारने बहुतेक मागण्या लेखी मान्य केल्या. ते तळपाय टिपणारे छायाचित्रकार शेतकऱ्यांसोबत चालत होते आणि शेतकऱ्यांनी त्यांना चालू दिलं होतं.